फाट्यावरचा माझा फोटो

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी सीए झाले. मला ते एसटीतून उतरल्यावर कळलं.

मंचरच्या कॉलेजात बी.कॉम.चा फॉर्म भरून मी परत येत होते. पेठच्या फाट्यावर उतरले, पिशवी सावरली, वर बघितलं, तर दिव्याच्या खांबाला मीच लटकलेली. आमच्या घराच्या दारापेक्षा मोठा फ्लेक्स होता. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला. त्यात माझ्या शेजारी आत्या उभी होती, तिला कापून टाकलं होतं. पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता, बांगड्यांसकट. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘सी.ए. परीक्षेत घवघवीत यश मिळवल्याबद्दल ताईसाहेबांचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुक म्हणून पिकअप स्टँडवरची सगळी पोरं ओळीनं, गॉगल लावून. मधोमध माझा भाऊ, एकटाच बिनगॉगलचा, आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारखा ताठ.

“अभिनंदन मॅडम, पेढं कवा?” रसवंतीवाला ओरडला. आदल्या आठवड्यापर्यंत तो मला ‘ए पोरी’ म्हणायचा.

मी हसले, आणि ओढणी डोक्यावरून घेऊन मळ्याच्या रस्त्याला लागले. आपल्याच फोटोपासून तोंड लपवायची पाळी फार कमी लोकांवर येत असेल.

खरं काय होतं ते सांगते. मी मराठी माध्यमातून बारावी कॉमर्स पास झाले होते. मार्क चांगले होते, पण जगावेगळे नव्हते. निकाल घ्यायला दादा माझ्याबरोबर आला होता. तेव्हा आमचे अकाउंटचे सर त्याला म्हणाले, “हिला बी.कॉम.ला घाला, आणि जमलं तर बरोबर सीएच्या पहिल्या परीक्षेची तयारी करू द्या.” एवढंच. दादानं त्या वाक्यातला ‘सीए’ तेवढा उचलला आणि बाकीचं वाक्य शाळेच्या ओट्यावरच ठेवून आला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याला कुणी शाळा सोडायला लावली नव्हती. त्याला कंटाळा आला म्हणून त्यानं दहावीनंतर दप्तर माळ्यावर टाकलं, आणि ते त्यानं कधी लपवलंही नाही. आमच्या सातगाव पठाराला बटाटा होतो. दादा पिकअपमधून लोकांचे बटाटे मंचरच्या बाजारात पोचवायचा, घरच्या शेतीचं बघायचा, आणि दर रविवारी गाडी नव्या नवरीसारखी धुवायचा. गडी कामाचा होता. लग्न मात्र जमत नव्हतं. पोरीवाले यायचे, जमीन बघायचे, गाडी बघायचे, आणि नोकरी कुठं आहे ते विचारून चहा पिऊन जायचे.

त्या दिवशी मी घरात शिरले तेव्हा तो जेवत होता. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते.

“हे काय लिहिलंयस फाट्यावर?”

“कसा झालाय बोर्ड? लांबून दिसतो का न्हाई? पार पुलाच्या तिकडून वाचता येतो.”

“दादा, मी सीए झालेली नाही. मी बारावी झालीय.”

“सर म्हनले ना, सीए कर म्हनून?”

“कर म्हणाले. झाली म्हणाले नाहीत!”

“मंग आज ना उद्या व्हनारच हायेस की.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं इचारलं, काय लिहू? म्या म्हनलो, सीएचं लिही. त्याच्याकडं कुनाचा तरी तयार मजकूर व्हता, त्यानं फोटो बदलला. त्यात एवढं काय?”

“आत्ताच्या आत्ता काढ तो.”

तो जेवायचा थांबला. “आज लावला अन्‌ आज काढला तर स्टँडवरची पोरं काय म्हनतील? आठ दिस राहू दे. मंग काढतो.”

आई चुलीपासून म्हणाली, “फोटो लई ग्वाड आलाय पन.” वडील नेहमीप्रमाणे दोघांच्याही बाजूनं मान डोलवत होते. मी ताटावर न बसताच आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लावून घेणं म्हणजे फार मोठा निषेध. आठ दिवसांचा वायदा होता. फ्लेक्स महिना उलटला तरी खांबावर होता.

गावात हा हा म्हणता बातमी पसरली, आणि माझ्याकडं लोक यायला लागले. एक आजोबा सातबाऱ्याचा उतारा घेऊन आले आणि त्यात चुलत्याचं नाव कसं घुसलं ते सांग म्हणाले. कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी पीकविम्याचा कागद. दूध डेअरीचे चेअरमन रस्त्यात भेटले की “ऑडिटर बाई, नमस्कार” म्हणून हात जोडायचे. मी प्रत्येकाला “बघून सांगते” म्हणायचे. आमच्या वाटेवरची एक म्हातारी तर तिच्या नातीला घेऊन आली आणि तिला म्हणाली, “पाया पड, बुद्धी येईल.” ती पोरगी आठवीत होती, माझ्यापेक्षा उंच होती. ती खरंच वाकली. मी पाय मागं घेतले तर म्हातारी खूश झाली. एवढी शिकली तरी गर्व नाय, म्हणाली. मी घरात जाऊन उशीत तोंड खुपसलं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की रात्री आईनं वाढलेली आमटीही गिळवेना.

आणि याच दिवसांत मला तयारी करायची होती. बी.कॉम.ची पुस्तकं इंग्रजीतून वाचावी लागणार होती. बारावीपर्यंत मी ‘नावे’ आणि ‘जमा’ लिहीत आले होते. आता डेबिट आणि क्रेडिट. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. भिंतीवर मी अशा जोड्या लिहून चिकटवल्या होत्या आणि दात घासताना पाठ करायचे. डेप्रिसिएशन हा शब्द मी इतक्या वेळा म्हटला की आई एकदा धसकून म्हणाली, “कसलं दुखनं हाय गं हे?”

सीए म्हणजे नेमकं काय, हेही मी त्याच खोलीत बसून मोबाइलवर शोधलं. कुणी विचारलं तर सांगता यायला हवं ना. पहिली परीक्षा, मग मधली, मग कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी, मग शेवटची. माणसं वर्षानुवर्षं खपतात, तरी काहींच्या हाती येत नाही. जसजसं वाचत गेले तसतशी फाट्यावरची ती लाल अक्षरं मला मोठी दिसायला लागली. अभ्यासाला बसलं की पहिलं ओझं पुस्तकाचं नसायचं, त्या बोर्डाचं असायचं. नापास झाले तर? साध्या एफ.वाय.ला नापास झाले तर गाव काय म्हणेल? सीए होऊन मागं कशी आली म्हणेल.

मंचरला मी इंग्रजी आणि अकाउंटचा एक छोटा क्लास लावला होता. सकाळी दादाची गाडी बाजाराकडं जायचीच, तो मला बरोबर घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला थेट क्लासच्या दारात सोडलं. क्लासमधली निम्मी पोरं त्याच रस्त्यानं येणारी, सगळ्यांनी बोर्ड बघितलेला. मी गाडीतून उतरताना त्यांनी दादाचं तोंड ओळखलं. “अरे, बोर्डावरचा भाऊ! सीए मॅडमची गाडी आली रे!” दादाला ते कौतुकच वाटलं, त्यानं हॉर्न वाजवला. सरांनी हजेरी घेताना चष्म्यावरून बघत विचारलं, “सीए झालेली माणसं आमच्याकडं काय शिकणार?” वर्ग हसला. मीही हसले, न हसून करते काय.

दुसऱ्या दिवशी मी दादाला म्हणाले, “मला बाजाराच्या कोपऱ्यावर सोड, तिथून मी चालत जाईन.”

“दारात सोडतो की.”

“नको. चालायला बरं वाटतं.”

फाटा टाळायला मी त्याला ओढ्याच्या कच्च्या रस्त्यानं गाडी काढायला लावायचे. धूळ उडते, बटाटे हादरतात, तरी तो काढायचा. का म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याला पटलं असेल, असंच मी धरून चालले.

मग एक दिवस मामा राजुरीचं स्थळ घेऊन आला. मुलगी बी.कॉम. झालेली, घर खातंपितं, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतःहून विचारलेलं. मामा चहाची कपबशी हातात धरून दादाच्या मांडीवर थाप मारत म्हणाला, “मुलीचा बाप पुन्याला जाता येता तुमचा बोर्ड बघतो. म्हनला, ज्या घरातली पोरगी सीए व्हती त्या घरात आमची पोरगी पुढं शिकंल. बघ, बहिनीनं काढलं तुझं काम!”

दादाचा चेहरा मी त्याआधी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. मी त्या रात्री त्याला गाठून सांगायला हवं होतं की आधी त्यांना खरं कळव. मी गेलेही त्याच्याकडं. तो अंगणात नव्या शर्टाला इस्त्री करत होता आणि गुणगुणत होता. मी “उद्या किती वाजता निघायचं?” एवढंच विचारून परत आले.

राजुरीला त्यांच्या ओसरीत आम्ही बसलो. पोहे झाले, पाणी झालं, द्राक्षांच्या बागेचं बोलणं झालं. मुलगी येऊन बसली, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि ती आत गेली. तिच्या आईनं मला खुणेनं आत बोलावलं. “दोघी शिकलेल्या पोरी, बोला जरा,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मुलगी गॅसपाशी चहा गाळत होती. दिसायला साधी, डोळे मात्र थेट बघणारे. तिनं विचारलं, “फाउंडेशन कधी दिलीस?”

सीएची पहिली परीक्षा ती.

“मी दोनदा दिली,” ती म्हणाली. “नाही निघाली. मग घरच्यांनी बास म्हटलं.” तिनं गाळणी ठेवली. “पप्पा म्हणाले, पेठच्या फाट्यावर एका पोरीचा बोर्ड लागलाय, सीए झालीय. मला लई बरं वाटलं व्हतं गं. आपल्याकडची एक तरी झाली. मी मुद्दाम बघायला गेले. फोटो बघितला तर तू एवढीशी! तिथंच कळलं.”

“मी नाही लावला तो,” मी पुटपुटले.

“असं कोण सोता लावतं?”

“मग तुम्ही... तरी का बोलावलंत?”

तिनं कप ट्रेमध्ये मांडले. “लावनारा कसा हाय ते बघायचं व्हतं,” ती म्हणाली, आणि जरा हसली. “मी काय बोलनार न्हाई. घे, हा ट्रे धर.”

ट्रे घेऊन मी बाहेर आले. जमेल, असं मला वाटलं. हिला सगळं माहीत आहे आणि ही तरीही हसतेय, म्हणजे जमेल. आता फक्त कुणी काही बोलू नये.

तेवढ्यात मुलीचे वडील उठले. आमच्याकडं सत्काराशिवाय कुठला कार्यक्रम पुरा होत नाही. लग्नात मुहूर्त टळला तरी चालेल, पण सत्कार टळत नाहीत. घडीची नवी शाल आणि नारळ घेऊन ते म्हणाले, “पाव्हनं, टोपी-टॉवेल मागनं. आधी मॅडमचा सत्कार! आमच्या घराला सीएचे पाय लागले.” मी नको नको म्हणत असताना त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यापुढं वाकून नारळ देत होता. आतल्या दारात ती मुलगी उभी होती आणि जमिनीकडं बघत होती. बोल, बोल, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि हात पुढं करून नारळ घेत होते.

“पाव्हनं, थांबा जरा.” दादा उभा राहिला होता. “ती सीए न्हाई. बारावी झालीय. आता बी.कॉम.ला गेलीय. बोर्ड म्या लावला, ती पयल्या दिसापून काढ म्हनत व्हती. चूक माझी हाय.”

मामानं डोक्याला हात लावला. आई पदर तोंडाशी नेऊन बसली. मुलीचे वडील परत खाली बसले. रागावले नाहीत ते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“बरं झालं सांगितलं,” ते म्हणाले. “पन आता मला जमिनीचा उताराबी परत बघावा लागंल. न्हाई का?”

दारातून मुलगी म्हणाली, “पप्पा...” त्यांनी हातानंच तिला थांबवलं. “कळवतो,” ते मामाला म्हणाले. ‘कळवतो’ म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. शाल घडी करून मी बाजेवर ठेवली. तिची घडी नीट बसेना, तीन वेळा केली.

घरी यायच्या आधी दादानं फाट्यावर गाडी उभी केली, टपावर चढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. रसवंतीवाल्यानं विचारलं, “काढला का वं, भाऊ?” दादा म्हणाला, “रंग उडायला लागला व्हता.” रंग चांगला ठसठशीत होता.

फ्लेक्स कुणी फेकून देत नाही. दादानं तो पिकअपमधल्या बटाट्याच्या पोत्यांवर ताडपत्री म्हणून घेतला. छापील बाजू खाली, पांढरी वर. दोऱ्या आवळताना एकदा वाऱ्यानं कोपरा उलटला आणि माझ्या खांद्यावरचा आत्याचा हात दिसला, तो त्यानं पटकन आत खोचला. गावानं पुढं दोन-चार महिने चेष्टा केली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला. मी पहिल्या वर्षाला बऱ्या मार्कांनी पास झाले. मग दुसऱ्यालाही. फाउंडेशनही निघाली, दुसऱ्या खेपेला, आणि ते मी घरात हळू आवाजात सांगितलं. बाजाराच्या कोपऱ्यावर उतरायची सवय तेवढी राहिली. फ्लेक्स नव्हता, तरी पोरं दादाला बघितलं की हसतील असं मला वाटायचं, म्हणून तीन वर्षं मी कोपऱ्यावरच उतरले.

राजुरीच्या मुलीचं त्याच वर्षी नाशिककडं लग्न झालं. दादाचं अजून जमलेलं नाही. त्यानंतरची दोन स्थळं आली तेव्हा त्यांना राजुरीचं कळलंच होतं. कुणाच्या लग्नात बायका आईला विचारतात, “थोरल्याचं काय?” आई मग माझ्याकडं बघते, तिच्या मनात काही नसतं, पण मला तिथं बसवत नाही. त्या ओसरीत मी आधी तोंड उघडलं असतं, निदान आदल्या रात्री इस्त्रीपाशी उघडलं असतं, तर कदाचित आज आमच्या घरात मला वहिनी असती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझे शेवटच्या वर्षाचे पेपर झाले. शेवटच्या पेपरच्या दिवशी दादानंच मंचरला नेलं. घाटात गाडी हळू झाली तेव्हा तो रस्त्याकडं बघत म्हणाला, “आता बी.कॉम. व्हशील. या बारी मजकूर तूच लिहून दे. एक अक्षर जास्त न्हाई.”

“नको दादा. बोर्ड नको,” मी म्हणाले. जरा झटकूनच म्हणाले.

त्यानं गिअर बदलला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “माझी लाज वाटती का गं तुला?”

मी त्याच्याकडं वळले. त्याचं चाललेलंच होतं. “न्हाई, वाटली तरी काय न्हाई. शिकलेल्या पोरीला पिकअपमधनं उतरायला कसं वाटत आसंल ते मला कळतं. म्हनून तर म्या कवा इचारलं न्हाई. कोपऱ्यावर उतरतीस, ओढ्यानं गाडी काढायला लावतीस. मला कळत व्हतं.”

तीन वर्षं रोज सकाळी हा माणूस हे मनात घेऊन मला त्या कोपऱ्यावर सोडत होता, आणि मी ‘येते’ म्हणून तुरुतुरु चालू लागत होते.

“दादा, शपथ घेते. मला बोर्डाची लाज वाटायची. तुझी नाही.”

त्यानं आरशात बघून मागच्या ट्रकला वाट दिली. “एकच झालं की,” तो म्हणाला. “बोर्ड म्याच लावला व्हता.”

बाजाराचा कोपरा आला तशी त्यानं सवयीनं गाडी बाजूला घेतली आणि माझं दार उघडायला हात पुढं केला. “पुढं घे, कॉलेजच्या दारात,” मी म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. “बाजार सुरू झाला आसंल,” तो म्हणाला. “उतर हितंच. तुला चालायला बरं वाटतं.”